जुना ड्रम स्कॅनर घेताना

वापरलेल्या ड्रम स्कॅनरच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक आकडा असतो डीपीआयचा. चार हजार, आठ हजार, अकरा हजार. गिऱ्हाईक त्या आकड्यावर भाळतं आणि विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. पण पंचवीस-तीस वर्षं जुन्या या मशीनची किंमत ठरायला हवी ती वेगळ्याच तीन गोष्टींवरून. ड्रम कोणत्या अवस्थेत आहे? मशीन चालवणारा कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर सोबत मिळतंय का? आणि स्लाइडच्या गडद भागात या मशीनला अजून काही दिसतं का? या तिन्हींबद्दल जाहिरातीत सहसा एक ओळही नसते, म्हणून ती विचारणा आपल्यालाच करावी लागते.

हे यंत्र मुळात फोटोग्राफरांसाठी नव्हतंच. ते छापखान्यांच्या जगातलं. रंगीत ट्रान्सपरन्सीचं छपाईच्या चार रंगांत सेपरेशन करायला प्रोसेस हाऊसमध्ये ड्रम स्कॅनर असे. जर्मनीत कील शहरात रुडॉल्फ हेल यांची कंपनी 'क्रोमाग्राफ' बनवायची, ब्रिटनमध्ये क्रॉसफील्डची 'मॅग्नास्कॅन' होती, जपानमध्ये दाइनिप्पॉन स्क्रीन. मुंबईच्या प्रोसेस हाऊसमध्ये ज्यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं स्कॅन केली, त्यांना या धंद्याची घाई आठवत असेल. ती मशीनं खोली अडवणारी होती. १९९० च्या दशकात टेबलावर मावणारे ड्रम स्कॅनर आले: अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हाउटेकचे 'स्कॅनमास्टर', डेन्मार्कच्या स्कॅनव्ह्यूचे 'स्कॅनमेट'. हेलची कंपनी १९९० मध्ये लायनोटाइपमध्ये विलीन झाली आणि त्या घराण्यातून 'टँगो' निघाला. मग डिजिटल कॅमेरे आले, छापखान्यांना फिल्मच लागेनाशी झाली, आणि काही वर्षांतच हा सगळा धंदा बसला. कित्येक मशीनं भंगारात गेली. जी वाचली ती आज फिरताहेत, आणि घेणारे आहेत ते फिल्मवर काम करणारे फोटोग्राफर, जुने संग्रह सांभाळणाऱ्या संस्था किंवा हौशी.

घेण्याआधी हे चालतं कसं ते नीट कळायला हवं, कारण तपासणीतली प्रत्येक गोष्ट त्या रचनेतूनच निघते.

पारदर्शक ॲक्रिलिकचं एक नळकांडं असतं, तोच ड्रम. त्याच्या बाहेरच्या अंगाला फिल्म तेलात बसवतात आणि ड्रम वेगाने फिरवतात. आत दिव्याचा प्रकाश एका बारीक बिंदूवर एकवटलेला असतो. तो ड्रममधून, फिल्ममधून आरपार जातो आणि बाहेरच्या बाजूची भिंगं तो टिपून घेतात. ड्रमचा एक फेरा म्हणजे चित्राची एक ओळ. प्रत्येक फेऱ्याला वाचणारं मुंडकं किंचित पुढे सरकतं, लेथवर आटे पाडताना टूल सरकतं तसं. पूर्ण चित्र असं एकेका बिंदूने वाचलं जातं. टिपलेला प्रकाश खास आरशांनी लाल, हिरवा आणि निळा असा विभागला जातो आणि प्रत्येक वाटा एकेका फोटोमल्टिप्लायर ट्यूबवर पडतो. काही मशीनांत चौथी ट्यूबही असते, ती चित्राच्या कडा धारदार करण्याच्या कामाला.

कॉम्प्युटरमध्ये गेलेलं पहिलं छायाचित्रही ड्रमवरूनच गेलं होतं. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो फिरत्या ड्रमवर लावून फोटोमल्टिप्लायरने वाचला. फोटो पाच सेंटिमीटरचा, आणि चित्र आलं १७६ गुणिले १७६ बिंदूंचं.

फोटोमल्टिप्लायर, म्हणजे बोलीभाषेत पीएमटी, ही काचेची निर्वात नळी. प्रकाशाचा कण तिच्या पहिल्या पृष्ठभागावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो पुढच्या पट्टीवर आपटून आणखी काही इलेक्ट्रॉन काढतो, ते त्यापुढच्या पट्टीवर आणखी, आणि शेवटी एकाचे काही लाख होतात. यासाठी नळीला हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. (म्हणून मशीन सुरू असताना झाकण उघडून आत बोटं घालायची नाहीत. आणि दाब चालू असताना नळीवर खोलीतला उजेड पडला तर नळीच कायमची बिघडू शकते.) हा गुणाकार हाच ड्रम स्कॅनरचा मोठेपणा. साध्या स्कॅनरच्या सीसीडी चिपला जिथे स्वतःचाच खडखडाट ऐकू येतो, तिथे पीएमटीला अजून चित्र दिसत असतं.

फिल्मचा काळेपणा घनतेच्या आकड्यात सांगतात आणि तो आकडा लॉगॅरिदमचा असतो. घनता १ म्हणजे दहावा भाग प्रकाश आरपार, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा, ४ म्हणजे दहा हजारावा. वेल्व्हियासारख्या स्लाइड फिल्मची गडद सावली ३.५ च्या पुढे जाते. तिथला तपशील वाचायचा तर यंत्राला प्रकाशाच्या काही हजाराव्या हिश्शातला फरक कळायला हवा. शिवाय ड्रम स्कॅनर एका वेळी एकच बिंदू उजळतो. शेजारचं पांढरं आकाश त्या क्षणी अंधारातच असतं, त्यामुळे त्याचा उजेड पाझरून सावली धुरकट होत नाही. फ्लॅटबेडमध्ये सगळी पट्टी एकदम उजळलेली असते आणि हा पाझर पूर्णपणे टळत नाही.

हे समजलं की आणखी एक गोष्ट उलगडते. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हची किंवा रंगीत निगेटिव्हची घनता एवढी चढत नाही, बहुतेक वेळा २ च्या आसपासच खेळते. म्हणजे तुमच्याकडे फक्त निगेटिव्ह असतील, त्याही ३५ मिलिमीटरच्या, तर चांगला डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि समतल लाइटबॉक्स एवढ्यावर काम भागतं. ड्रम स्कॅनरचा पसारा त्यासाठी मांडणं मला तरी परवडणारं वाटत नाही. घनदाट स्लाइड असतील, मोठ्या आकाराची फिल्म असेल, किंवा कणांवर बारकाईने ताबा हवा असेल, तर मात्र या यंत्राला तोड नाही.

कणांवरचा ताबा येतो तो ॲपर्चरमधून, म्हणजे मुंडक्यातल्या त्या बारीक छिद्रातून. इथेच डीपीआयच्या आकड्याची फसगत लपलेली असते. चार हजार डीपीआय म्हणजे मुंडकं दर ६.३५ मायक्रॉनला एक नमुना घेतं. आठ हजारला ते अंतर निम्मं होतं, ३.२ मायक्रॉनच्या जवळ. पण नमुना किती जवळजवळ घेतला आणि नमुना घेणारा ठिपका किती लहान होता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा मायक्रॉनच्या ठिपक्याने तीन-तीन मायक्रॉनवर नमुने घेतले तर फाइल फुगते, तपशील वाढत नाही. म्हणून विकणाऱ्याला विचारायचं ते असं: सगळ्यात लहान ॲपर्चर किती मायक्रॉनचं आहे, आणि ते आजही काम देतं का? काही मशीनांत ॲपर्चरचं चाक मोटरने फिरतं आणि वर्षानुवर्षं एकाच जागी थांबून जाम झालेलं असतं. उलट मोठं ॲपर्चरही कामाचंच. थोडं मोठं छिद्र घेतलं की फिल्मचे कण सरासरीत मिसळतात, आकाश नितळ होतं. फार लहान घेतलं तर कणच चित्र बनून समोर येतात.

एक सावधानता इथेच. इमाकॉनचे फ्लेक्सटाइट स्कॅनर 'ड्रम' म्हणून विकले जातात. त्यात फिल्म वाकवून धरतात खरी, पण वाचतो तो सीसीडीच. स्कॅनर वाईट नाही, फक्त तो ड्रम स्कॅनर नव्हे.

आता तपासणी. सुरुवात ड्रमपासून, कारण मशीन दुरुस्त होऊ शकतं, ड्रमला मात्र पर्याय सहजासहजी मिळत नाही. ड्रम रिकामा, स्वच्छ करून मागा. अंधाऱ्या खोलीत त्याच्या आतून टॉर्च तिरका मारा आणि बाहेरून बघा. ओरखडे दिसतील. बाहेरच्या अंगावरचे बारीक ओरखडे फारसे छळत नाहीत, फिल्मखालचं तेल ते भरून काढतं. आतल्या अंगावर तेल नसतं, त्यामुळे तिथला ओरखडा प्रत्येक स्कॅनमध्ये येणार. ओरखड्यांपेक्षा वाईट म्हणजे क्रेझिंग: ॲक्रिलिकच्या आत चंदेरी, केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. उजेड तिरका असतानाच ते चमकतं, समोरून बघाल तर ड्रम निर्मळ भासतो. कोणीतरी स्पिरिट, थिनर किंवा अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव्य वापरलं की ॲक्रिलिकचं असं होतं. अशा ड्रमचे पैसे देऊ नका, किमतीतून वजा करा. ड्रमच्या टोकांच्या धातूच्या कड्या आणि बसण्याच्या खाचाही बघा. कडी वाकडी असेल तर ड्रम डोलत फिरतो आणि फिल्म फेऱ्यागणिक फोकसच्या आत-बाहेर जाते. किमान दोन ड्रम मिळाले तर उत्तम. एक स्कॅनिंगला लागलेला असताना दुसऱ्यावर फिल्म बसवता येते. ड्रम धरून ठेवणारं माउंटिंग स्टँडही सोबत आहे ना, ते आठवणीने विचारा. ते नसेल तर फिल्म बसवताना तिसरा हात लागतो.

फिल्म बसवणं हे स्वतंत्र कसब आहे आणि विकणाऱ्याला ते करायला लावणं ही अर्धी परीक्षा आहे. फिल्म हवेच्या फुंकरीने झटकतात. तिची एक कड खास टेपने ड्रमला चिकटवतात, जो मागे गोंद सोडत नाही. वर पारदर्शक मायलारचा पातळ तक्ता त्याच कडेला लावतात. फिल्मखाली आणि फिल्मवर माउंटिंग फ्लुइडचे थेंब सोडतात, आणि ड्रम हळूहळू फिरवत मऊ कापडाने किंवा रोलरने मायलार दाबत नेतात. द्रव पुढे सरकतो, त्याच्या पुढे हवेचे बुडबुडे पळतात, आणि दुसरी कड टेपने बंद होते. एखादा बुडबुडा मागे राहिलाच तर तो स्कॅनमध्ये काळ्या कडेच्या चकतीसारखा उमटतो, लपत नाही. हल्ली बहुतेक जण लवकर उडून जाणारा 'कामी' नावाचा द्रव वापरतात. त्याने फिल्म धुवावी लागत नाही, पण तो पेट घेतो, तेव्हा खिडकी उघडी आणि जवळ शेगडी-अगरबत्ती नको. द्रवामुळे फिल्मचे ओरखडे भरून निघतात आणि दोन चकचकीत पृष्ठभाग टेकल्यावर उमटणारी न्यूटनची रंगीत वलयंही येत नाहीत.

ड्रमनंतर कॉम्प्युटर. इथे सौदे सगळ्यात जास्त फसतात. ही मशीनं बहुतांश स्कझी नावाच्या जुन्या पद्धतीच्या केबलने जोडली जातात आणि त्यांची मूळ सॉफ्टवेअरं जुन्या मॅकवर किंवा जुन्या विंडोजवरच चालतात. नव्या लॅपटॉपला जोडायचा विचार मनातून काढून टाका. सॉफ्टवेअरला अनेकदा डोंगल लागतो, म्हणजे पोर्टला लावायची छोटीशी किल्ली. ती हरवली तर सॉफ्टवेअर हातात असून नसल्यासारखं. म्हणून अट घालायची ती अशी: मशीन, ते चालवणारा कॉम्प्युटर, स्कझी कार्ड, केबल, टर्मिनेटर, डोंगल आणि सॉफ्टवेअरच्या मूळ डिस्क, सगळं एकत्र, आणि माझ्यासमोर चालू. डिस्क मिळाल्यावर पहिलं काम त्यांच्या प्रती करण्याचं आणि हार्डडिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवण्याचं. मॅकच्या आतली छोटी बॅटरी संपलेली असेल तर ती आधी बदला. संपलेली बॅटरी गळते आणि मदरबोर्ड खाते. हाउटेकच्या मशीनांना याबाबतीत थोडं बरं आहे. कॅलिफोर्नियातल्या अॅझटेकने ती परंपरा पुढे चालवली, 'प्रीमियर' हे मशीन काढलं आणि विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर दिलं.

मग मशीन सुरू करा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. दिवा आणि ट्यूब स्थिरावल्याशिवाय काढलेल्या स्कॅनवरून काहीच ठरवता येत नाही. त्या अर्ध्या तासात कान द्या. ड्रम पूर्ण वेगात एकसुरात घोंघावायला हवा. खरखर येत असेल तर बेअरिंग गेलं, ठरावीक अंतराने टक्-टक् येत असेल तर ड्रम किंवा पट्टा. बेअरिंग आणि पट्टा ही काही मोठी गोष्ट नाही, मापाने बाजारात मिळतात. हॅलोजन दिवाही बऱ्याच मशीनांत प्रोजेक्टरसारखा प्रमाणित असतो. झेनॉन दिवा असेल तर मात्र त्याची किंमत आणि उपलब्धता आधी विचारून घ्या.

आता दोन स्कॅन मागायचे. पहिला पायऱ्यांच्या पट्टीचा, म्हणजे स्टेप वेजचा. स्टूफर कंपनीची ४१ पायऱ्यांची पट्टी मिळते, तिची प्रत्येक पायरी ०.१० घनतेने गडद होत ४ च्या पुढे जाते. ती स्वतःच बरोबर न्या. स्कॅन उघडून उजळ पायऱ्या सोडून थेट गडद टोकाकडे जा, चित्र शंभर टक्क्यांवर मोठं करा, आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे बघा. शेजारच्या दोन पायऱ्यांमधली सीमा कुठपर्यंत दिसते? एका चॅनलमध्ये ३.६ पर्यंत दिसते आणि दुसऱ्यात ३ लाच सगळं दाणेदार राखाडी होतं, तर त्या चॅनलची ट्यूब दमलेली आहे. ट्यूबची संवेदना वयाने घटते. मशीन ते झाकायला दाब वाढवतं आणि दाबाबरोबर चित्रातला दाणेदारपणाही वाढतो. तिन्ही चॅनल सारखेच थोडे दाणेदार असतील तर कदाचित फक्त भिंगांवर धूळ असेल. एकटाच चॅनल वेगळा वागत असेल तर ट्यूब किंवा तिच्यामागचं कार्ड.

दुसरा स्कॅन रिझोल्यूशन तपासायच्या पट्टीचा, अमेरिकन हवाई दलाच्या १९५१ च्या नमुन्याच्या. त्यावर क्रमाने बारीक होत जाणाऱ्या तीन-तीन रेघांचे गट असतात. चार हजार डीपीआयला मिलिमीटरमध्ये १५७ नमुने, म्हणजे जास्तीत जास्त ७८ रेघजोड्या. सहाव्या गटातला पहिला घटक ६४ रेघजोड्यांचा असतो, तो स्पष्ट सुटा दिसला पाहिजे. दुसरा ७२ चा दिसला तर मशीन आपल्या आकड्याला जागतंय. काचेची पट्टी वाकत नसल्याने ती ड्रमवर बसवता येत नाही, त्यामुळे फिल्मवर उतरवलेली आवृत्ती लागते. हा नमुना ड्रमच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना लावून बघा. एका टोकाला रेघा विरघळत असतील तर ड्रम तिरका बसतोय.

याच स्कॅनमध्ये दोषांची चाल ओळखता येते. सरळ रेघेच्या कडेला करवतीसारखे दात दिसले तर प्रत्येक फेऱ्याची सुरुवात थोडी पुढेमागे होतेय: पट्टा घसरतोय किंवा फेरे मोजणारा एन्कोडर मळलाय. ठरावीक अंतराने उमटणारे फिकट-गडद पट्टे मुंडकं सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याकडे बोट दाखवतात. तो साफ करून नवं वंगण दिलं की बरेचदा सुटका होते. ओळी अवचित उजळ-गडद होत असतील तर दिवा किंवा वीजपुरवठा. आणि पट्टे सगळ्यात जास्त दिसतात ते निळ्या, सपाट आकाशात, म्हणून एक आकाशाची स्लाइडही जवळ ठेवा.

वेळेचा हिशेब घरी बसूनच करता येतो. ४ गुणिले ५ इंचाची फिल्म चार हजार डीपीआयला म्हणजे १६,००० गुणिले २०,००० बिंदू. पाच इंचाची बाजू ड्रमच्या लांबीत लावली तर २०,००० फेरे. मिनिटाला १,००० फेरे धरले तर वीस मिनिटं, आणि १६ बिटमधली फाइल जवळजवळ दोन जीबीची. जुन्या कॉम्प्युटरला आणि सॉफ्टवेअरला तेवढी फाइल पेलते का, हेही तिथेच बघून घ्या. काहींची मर्यादा त्याआधीच संपते.

आपल्याकडच्या हवेचं वेगळं बघावं लागतं. मुंबई, कोकण किंवा गोव्यात बंद पडून राहिलेलं मशीन असेल तर भिंगांवर आणि आरशांवर बुरशी आली आहे का ते टॉर्चने तपासा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले आणि ते भिंगाच्या लेपात शिरले असतील तर पुसून जात नाहीत. परदेशातून मागवणार असाल तर व्होल्टेजचा खटका ११५ वरून २३० वर जातो का, ते विचारा. वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या आयातीला वेगळे नियम आहेत, तेव्हा पैसे पाठवण्याआधी कस्टमच्या क्लिअरिंग एजंटाला गाठा. घरी आल्यावर पक्की अर्थिंग आणि चांगला यूपीएस यांना पर्याय नाही.

विकणारा म्हणेल, "काढून ठेवलं तेव्हा चालत होतं." हे वाक्य ऐकलं की मशीन बंद आहे असं धरून भाव करा. बंद मशीनला सुट्या भागांचा भाव असतो, आणि तोही कमी नाही. ज्यांच्याकडे चालू मशीन आहे ते त्याच मॉडेलचं एक बंद मशीन जाणूनबुजून घेऊन ठेवतात, कार्ड आणि ट्यूबसाठी. पहिल्यांदा घेणाऱ्याने मात्र चालू, जोडलेलं, समोर स्कॅन काढून दाखवलेलंच घ्यावं, भले थोडे जास्त पैसे जावोत, आणि मॉडेल असं निवडावं की दुरुस्ती करणारा एखादा माणूस अजून त्यावर हात चालवतोय.

सौदा ठरला की हलवण्याआधी मुंडकं जागेवर बांधणारा स्क्रू किंवा कुलूप लावून घ्या. ते कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये असतं आणि मॅन्युअल नसेल तर विकणाऱ्याला विचारूनच हात लावा. दिवा काढून वेगळा गुंडाळा. टेम्पोत मशीन आडवं करू नका, खाली फोम घाला. ड्रम आणि डोंगल टेम्पोत नकोत, ते स्वतःबरोबर आणा.